गच्चीवरून गेलेलं दुपटं

“खडकवासला रद्द!” आई म्हणाली. तेही मान वर न करता, दातांत दोरा धरून.

ऋतुजा ओट्यापाशी बाटल्या भरत होती. तिचा हात तसाच थांबला आणि बाटलीतून पाणी वाहायला लागलं.

“रद्द म्हणजे? आई, उद्या धरणावर सहलीला जायचं ठरलंय! आफताब आणि रुमानानं घरी विचारून पण झालं! परीक्षा संपली तेव्हा तू प्रॉमिस केलं होतंस!”

“केलं होतं गं. पण आनंदमामाचा फोन आला. बाळाला परवा हॉस्पिटलमधून सोडतायत. मामी त्याला घेऊन थेट आपल्याकडेच येणार. उद्यापर्यंत हे दुपटं शिवून, धुऊन, वाळवून तयार नको का? आणि नळ बंद कर आधी.”

ऋतुजानं नळ बंद केला. जरा जास्तच जोरात.

बाहेरच्या खोलीत चटईवर दुपटं पसरलेलं होतं आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला शेफाली बसली होती. शेफाली म्हणजे ऋतुजाची मामेबहीण, तिच्याहून वर्षानं लहान. तिचा भाऊ दिवस भरायच्या आतच जन्मला होता. इवलासा. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि मामा-मामी दोघंही हॉस्पिटलमध्येच होते. म्हणून सुट्टी लागल्यापासून शेफाली वाघोलीला आत्याकडे राहत होती.

सुरुवातीला ऋतुजाला मज्जा वाटली होती. पण शेफाली रात्री रडायची. तिचं मन रमावं म्हणून आईनं तिला गोधडीचा धावदोरा शिकवायला घेतला आणि सगळं बिघडलं. शेफालीचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ आणि बारीक पडायचे. ऋतुजाचे पडायचे त्या रांगेवर कुणीतरी पाय दिल्यासारखे!

मग रोज तेच. “शेफाली, काय सुरेख टाका गं!” “ऋतू, बघ जरा शेफालीकडे!” ऋतुजानं बघितलं होतं. इतकं बघितलं होतं, की आता बघवत नव्हतं.

ती दुपट्यापाशी जाऊन उभी राहिली. आईच्या जुन्या साड्यांचे तुकडे, मामीच्या ओढणीचा काठ आणि बरोब्बर मधोमध एक पिवळाधमक चौकोन. त्यावर पांढरी बदकं.

ऋतुजा खाली वाकली.

“हा... हा माझा फ्रॉक आहे!”

“अगं, बालवाडीतला. आता एका पायात तरी चढेल का तुझ्या?” आई हसत म्हणाली. “मऊ सुती कापड आहे. बाळाला टोचणार नाही.”

“मला विचारलंस? तो मी कपाटात जपून ठेवला होता!”

“एवढ्याशा कापडाचं काय मेलं...”

“एवढंसं नाहीये! खडकवासला तिच्यासाठी रद्द, फ्रॉक तिच्या भावासाठी कापला, आता मला पण देऊन टाक कुणाला तरी! हरवू दे तुमचं ते दुपटं! वाऱ्यानं उडून जाऊ दे!”

दार उघडंच होतं. आवाज जिन्यातून थेट खालच्या मजल्यावर पोचला. शेफालीची सुई थांबली. तिनं खाली घातलेली मान वर केली नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं दुपटं धुऊन गच्चीवर वाळत घातलं. दुपारी शेफाली ते आणायला गेली आणि रिकाम्या हातानं परत आली.

“आत्या, दुपटं नाहीये.”

आईनं शेफालीकडे पाहिलं, मग ऋतुजाकडे. आणि ती ऋतुजाकडेच बघत राहिली.

“ऋतू,” ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “कुठं ठेवलंस?”

आई ओरडली असती तरी चाललं असतं. पण हा हळू आवाज ऋतुजाला चपराकीसारखा लागला.

“मी नाही घेतलं!”

“काल एवढं बोललीस...”

“बोलले! पण घेतलं नाही!”

 शेफाली न्हाणीघरात गेली आणि आतून नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ नुसतं पाणीच वाहत होतं.

ऋतुजा धाडधाड जिना उतरून खालच्या मजल्यावर गेली. आफताब सायकलच्या साखळीला तेल देत होता आणि त्याची धाकटी बहीण रुमाना त्याला सूचना देत होती.

“दुपटं गेलं! आणि सगळ्यांना वाटतंय मीच घेतलं!” ऋतुजानं एका दमात सांगितलं.

आफताबनं तिच्याकडे तिरकं पाहिलं. “घेतलंयस का?”

“आफताब!”

“अगं, विचारतोय फक्त! काल तुझी घोषणा आख्ख्या बिल्डिंगनं ऐकली. आमचे अब्बू टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत होते!”

“पण आमच्या दादीची सतरंजी पण गेलीये ना!” रुमाना म्हणाली. “परवा. गच्चीवरूनच. दादीला वाटलं, ती स्वतःच कुठंतरी विसरली.”

ऋतुजा आणि आफताबनं एकमेकांकडे पाहिलं.

“सतरंजीवर मी काही रागावले नव्हते,” ऋतुजा म्हणाली. “चला गच्चीवर!”

*

गच्चीवर ऊन नुसतं भाजत होतं. दारावरच सोसायटीचे सचिव साईनाथकाका यांची पाटी होती : ‘गच्ची वाळवणासाठी आहे. विसरण्यासाठी नाही.’ साईनाथकाकांना पाट्या लावायचा भारी नाद. लिफ्टमध्ये पाटी, नळावर पाटी, ‘येथे पाटी लावू नये’ अशीही एक पाटी!

“वाऱ्यानं उडालं असेल का?” रुमानानं विचारलं.

“वारा चिमटे काढून कठड्यावर नीट मांडून ठेवतो का?” आफताबनं बोट दाखवलं. खरंच! दुपट्याचे चिमटे कठड्यावर एका ओळीत ठेवलेले होते.

“आणि हे बघ. शेजारी कुणाची तरी नवीकोरी रेशमी साडी वाळतेय,” ऋतुजा म्हणाली. “चोर असता तर ती नेली असती. याला फक्त जाडजूड कापड हवं होतं.”

“मे महिन्यात? पांघरायला?” रुमाना खिदळली.

“मला वास येतोय,” मागून कुणीतरी म्हणालं.

तिघंही वळली. दारात शेफाली उभी होती. डोळे सुजलेले, नाक लाल.

“तुला कोणी बोलावलं?” ऋतुजा फटकन म्हणाली.

“कुणी नाही. पण बाळ माझा भाऊ आहे.” शेफालीनं नाक वर करून पुन्हा हुंगलं. “आंब्याचा वास. जिन्यातसुद्धा आला. आणि हे बघ, मला पायरीवर सापडलं.” तिच्या तळहातावर वाळक्या पेंढ्याच्या दोन काड्या होत्या.

“अरे वा! शेफाली, एकदम डिटेक्टिव्ह!” आफताब म्हणाला.

“शेफालीदीदी, ग्रेट!” रुमाना म्हणाली.

ऋतुजाच्या पोटात काहीतरी तापून वर आलं. टाके तिला जमतात, आई तिची झाली, आणि आता पुरावाही हिलाच सापडायचा होता! मित्र माझे, गच्ची माझी, आळ माझ्यावर आणि शाबासकी हिला!

पण काड्या होत्या खऱ्या. ऋतुजानं दात आवळले. “चला. अजून कुठं पडल्यात ते बघू.”

पेंढ्याच्या काड्या जिन्याच्या कोपऱ्यात होत्या, लिफ्टच्या फटीत होत्या आणि तळमजल्यावरून थेट पार्किंगच्या मागे, पंपाच्या खोलीपर्यंत गेल्या होत्या. खोलीला भलंमोठं कुलूप होतं. दारावर पाटी : ‘आत काहीही नाही. चौकशी करू नये.’

दाराच्या फटीतून आंब्यांचा असा घमघमाट येत होता, की रुमानानं चक्क फटीला नाक लावलं.

“‘काहीही नाही’चा वास फारच छान आहे!” ती म्हणाली.

“आढी!” आफताब कुजबुजला. “कच्चे आंबे पेंढ्यात ठेवून पिकवतात, त्याला आढी म्हणतात. वरून जाड कापड टाकायचं, म्हणजे आत ऊब राहते. अब्बू टेम्पोतून आंबे नेतात, त्यांनीच सांगितलंय.”

जाड कापड! चौघांचेही डोळे चमकले.

*

साईनाथकाका घरी पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केलाच नाही.

“काका, पंपाच्या खोलीची किल्ली द्याल का?” ऋतुजानं विचारलं. “गच्चीवरून आमचं दुपटं गेलंय.”

“गच्चीवरच्या वस्तूंची जबाबदारी सोसायटीची नाही. पाटी वाचली नाही?”

“वाचली. पण खोलीतून आंब्यांचा वास...”

“पंपाला वास येतो. तुम्हाला सुट्टी आहे, मला नाही. दार ओढून घ्या जाताना.”

ऋतुजा धावत घरी गेली. “आई! साईनाथकाकांनी पंपाच्या खोलीत—”

“ऋतू, पुरे,” आई थकलेल्या आवाजात म्हणाली. ती पिशवीतून उरलेली चिंध्यांची चळत काढून पुन्हा एक दुपटं बेतायला बसली होती, पण ते उद्यापर्यंत होणार नाही हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. “आता मोठ्या माणसांवर ढकलू नकोस. घेतलं असशील तर परत आणून ठेव. मी काहीही बोलणार नाही.”

ऋतुजा परत जिन्यात आली. तिला रडायचं नव्हतं, त्यामुळे ती भिंतीवरची पाटी वाचत राहिली. वाचता वाचता तिच्या डोक्यात काहीतरी टिकटिकलं.

“ऐका!” ती म्हणाली. “या सोसायटीत आपलं कोणी ऐकत नाही. पण पाटी सगळे वाचतात!”

“म्हणजे?”

“म्हणजे आपणही पाटी लावायची! पुठ्ठा आण, आफताब!”

“खाली काकांची सही करायची?” रुमानानं डोळे मोठे केले.

“छे! खोटी सही अजिबात नाही. आपण फक्त प्रश्न विचारायचा.”

ऋतुजानं ठसठशीत अक्षरात लिहिलं. शेफाली पुठ्ठा घट्ट धरून बसली होती. पाच मिनिटांत लिफ्टशेजारी पाटी लागली :

‘पंपाच्या खोलीतून हापूसचा वास येत आहे. आंबे कोणाचे? ज्यांचे असतील त्यांनी चार वाजता यावे. ज्यांचे नसतील त्यांनीही यावे.’

“सहीच नाही, कोण येणार?” आफताब साशंक होता.

“हापूस लिहिलंय,” ऋतुजा म्हणाली. “सही कोण बघतंय!”

चारच्या आतच पंपाच्या खोलीपुढे ही गर्दी! कुणी रिकामी पिशवी घेऊन आलं होतं, कुणी टोपली. आफताबची दादी अख्तरबानू प्लॅस्टिकची खुर्चीच घेऊन बसली होती. ऋतुजाची आईही बायकांच्या मागे येऊन उभी राहिली. आणि इतक्यात बनियनवर शर्ट चढवत, एक चप्पल स्वतःची आणि एक कुणाची तरी घालून साईनाथकाका धावत आले.

“काय चाललंय काय? ही पाटी कोणाची?”

“पाटीचं राहू दे, साईनाथ,” दादी म्हणाली. “आंबे कोणाचे, ते सांग!”

“आंबे? कसले आंबे? आत पंप आहे!”

“मग पंप दाखवा ना, काका!” रुमाना गोड आवाजात म्हणाली. “आम्ही कधीच पाहिला नाहीये.”

“हो हो, उघडा!” मागून सगळेच ओरडले. साईनाथकाकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि शेवटी खिशातून किल्ली काढली.

दार उघडलं. पंप एका कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. बाकी सगळ्या खोलीभर पेंढा आणि पेंढ्यात आंबेच आंबे! वर सतरंजी, कुणाची दुलई, कुणाचं घोंगडं...

“या अल्ला! माझी सतरंजी!” दादी खुर्चीवरून ताडकन उठली. “आणि मी परवापासून स्वतःलाच विसरभोळी म्हणतेय!”

“अहो, मला वाटलं टाकून दिलेल्या आहेत,” काका चाचरले. “मेव्हण्यानं कोकणातून आंबे पाठवले, ठेवायला जागा नव्हती. मी वॉचमनला म्हटलं, गच्चीवरची जुनी फडकी आण...”

“साहेब, तुम्ही बोललात, जाड दिसेल ते आण,” वॉचमन सूरज म्हणाला. “मी विचारलं पण होतं, कोणाचं असेल तर? तुम्ही म्हणालात, पाटी आहे ना!”

शेफाली एव्हाना पेंढ्यात गुडघे टेकून एकेक कापड उचलत होती. सतरंजीखाली नाही. दुलईखाली नाही. तिनं मागं वळून ऋतुजाकडे पाहिलं. “इथं नाहीये.”

ऋतुजा सूरजकडे वळली. “मग ते कुठं आहे?”

“छोटं होतं ना, तुकड्यातुकड्याचं?” सूरजनं डोकं खाजवलं. “ते आढीला पुरत नव्हतं. दुपारी पिकलेल्या पेट्या साहेबांच्या भावाकडं मार्केट यार्डात गेल्या ना, त्यावर ऊन लागू नये म्हणून टाकलं.”

गर्दीतून वाट काढत आई पुढे आली. ती साईनाथकाकांना काहीतरी बोलणार होती, पण आधी तिची आणि ऋतुजाची नजरानजर झाली. आईचे डोळे भरून आले. ऋतुजानं मान फिरवली. आत्ता नाही!

“कादरचाचा!” तिनं आफताबच्या वडिलांना हाक मारली. “टेम्पो?”

“चला!” कादरचाचा किल्ली काढत म्हणाले. “साईनाथराव, तुम्ही पुढं बसा. तुमच्या भावाचा गाळा तुम्हीच दाखवणार.”

“मी? पण माझी चप्पल...”

“बसा!” दादी गरजली. साईनाथकाका बसले.

*

खराडीच्या सिग्नलला टेम्पो इतका वेळ अडकला, की रुमाना म्हणाली, “आंबे इथंच पिकले असते!” कुणीच हसलं नाही. मागे चौघं दाटीवाटीनं बसली होती. शेफाली ओठ घट्ट मिटून बाहेर बघत होती.

मार्केट यार्डात अजूनही धामधूम होती. डोक्यावर पेट्या घेतलेले हमाल “बाजू! बाजू!” करत धावत होते. खाली सगळा पेंढाच पेंढा. साईनाथकाकांचा भाऊ गाळ्यात हिशेब मिटवून चहा पीत बसला होता.

“दुपटं? असेल कुठंतरी. पेट्यांबरोबर गेलं असेल,” तो बेफिकीरपणे म्हणाला. “फडकंच ना?”

“फडकं नाही!” शेफाली पहिल्यांदाच ओरडली. तिचा आवाज फाटला. “माझ्या भावाचं आहे!”

“पसरा!” ऋतुजा म्हणाली. “आफताब, तू डावीकडे! रुमाना, तू चाचांबरोबर!”

ती स्वतः पेट्यांच्या उभ्या भिंतींमधून पळत सुटली. गोणपाट, गोणपाट, ताडपत्री, पुन्हा गोणपाट... आणि अचानक ती थबकली.

समोर एक मालाचा टेम्पो निघायच्या तयारीत होता. पेट्यांच्या थरावर, दोरीखाली दाबलेलं, काहीतरी पिवळं. पांढरी बदकं.

टेम्पोनं धूर सोडला. चाकं फिरली.

ऋतुजानं तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. डोक्यात एक विचार आला होता, आणि तो तिचाच होता. जाऊ दे ना! कुणाला कळणारे? आळ तर पुसला गेलाय. माझा फ्रॉक जाईल, पण तिलाही मिळणार नाही. पुन्हा कोणी म्हणणार नाही, बघ शेफालीचे टाके.

टेम्पो हळूहळू पुढे सरकला.

पलीकडच्या बोळात शेफाली दिसत होती. ती प्रत्येक हमालाला थांबवून विचारत होती, “काका, छोटं दुपटं पाहिलंत का? एवढंसं?” आणि हातानं माप दाखवत होती. ते माप दुपट्याचं नव्हतंच. ते बाळाचं होतं. हॉस्पिटलच्या काचेतून एकदाच बघायला मिळालेल्या, एवढ्याशा बाळाचं.

“थांबा!” ऋतुजा किंचाळली. “टेम्पो थांबवा! शेफाली, सापडलं! इकडे!”

ड्रायव्हरला ऐकू गेलं नाही. ऋतुजा पळत सुटली. आफताबनं तोंडात दोन बोटं घालून कानठळ्या बसवणारी शिट्टी मारली. ती ऐकून एका हमालानं आपली हातगाडी सरळ रस्त्यात आडवी घातली. करकचून ब्रेक लागला!

ऋतुजा चाकावर पाय देऊन वर चढली. दोरी काढता येईना. खालून कुणीतरी तिचे पाय घट्ट धरले, पडू नये म्हणून. शेफाली होती ती.

“ओढ, ऋतूताई, ओढ!”

शेफालीनं तिला ताई म्हटलं होतं, ते ऋतुजाच्या नंतर लक्षात आलं. आत्ता दुपटं सुटून दोघींच्या डोक्यावर पडलं होतं आणि त्याला हापूसचा वास येत होता.

*

परतल्यावर दादीनं चौघांची दृष्ट काढली. “मोठ्यांची अक्कल पेंढ्यात पिकत होती तेव्हा पोरांनी काम केलं!” असं तिनं साईनाथकाकांना ऐकवलंही. काकांनी प्रत्येक घरी आंबे पोचवले आणि लिफ्टमध्ये नवी पाटी लावली : ‘गच्चीवरील वस्तू विचारल्याशिवाय नेऊ नयेत. सचिवांनीही.’

आईनं दुपटं पुन्हा धुतलं आणि पंख्याखाली टाकलं. मग ऋतुजाशेजारी येऊन बसली.

“तो फ्रॉक तुला न विचारता कापायला नको होता मी. आणि नीट न विचारता तुझ्यावर आळ घ्यायला तर मुळीच नको होता. चुकलं माझं.”

“आणि शेफालीकडे बघ, शेफालीकडे बघ म्हणत होतीस, ते?”

आईनं सुस्कारा सोडला. “तेही. ती दुःखात होती म्हणून मी तिचं कौतुक करत सुटले. तुला लागत असेल, हे लक्षातच आलं नाही गं. आजची ती पाटीची कल्पना मला तरी सुचली नसती.”

 आईच्या मांडीवर डोकं ठेवायला ऋतुजानं फार वेळ लावला नाही.

दुसऱ्या दिवशी बाळ आलं. मूठभर, लालसर, दुपट्यात गुरगुटलेलं. घरात नुसती झुंबड उडाली. आनंदमामानं चौघांची पाठ थोपटली, साईनाथकाकांनीसुद्धा “हुशार आहेत पोरं!” असं कबूल केलं. मग सगळ्यांच्या माना पुन्हा बाळाकडे वळल्या. “डोळे उघडले बघ!” “जांभई दिली!” “अगदी आईवर गेलाय!”

ऋतुजानं सहज मागं पाहिलं. शेफाली गर्दीत नव्हती. ती बाल्कनीत एकटीच उभी होती. तिचा चेहरा बघून ऋतुजा चमकली. हा चेहरा तिच्या चांगलाच ओळखीचा होता! रोज आरशात दिसायचा.

ती तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. “काय झालं?”

“काही नाही.”

“सांग ना.”

“आई इतक्या दिवसांनी आली,” शेफाली रेलिंगचा रंग खरवडत म्हणाली, “आणि आल्या आल्या आधी त्याचं टोपडं नीट केलं. मला नुसतं ‘बरी आहेस ना’ म्हणाली. मी वाईट आहे ना? मला तो आवडतो, तरी...”

“तरी पोटात काहीतरी तापतं आणि वर येतं. हो ना?”

शेफालीनं वळून पाहिलं. “तुला कसं माहीत?”

“मला? मी त्यातली एक्सपर्ट आहे!” ऋतुजा म्हणाली. “आणि वाईटबिईट काही नसतं ते. फक्त सांगायचं असतं, नाहीतर मोठ्यांना कळत नाही.”

ती तडक आत गेली आणि गर्दीतून वाट काढत मामीसमोर उभी राहिली.

“मामी, बाळाला थोडा वेळ माझ्याकडे दे. बाल्कनीत तुझी मुलगी उभी आहे. तिला तू हवी आहेस. एकटी.”

 मामीनं बाल्कनीकडे पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. तिनं बाळाला ऋतुजाच्या हातांवर अलगद ठेवलं आणि जवळजवळ धावतच बाहेर गेली.

“मान सांभाळ त्याची,” आई ऋतुजाच्या खांद्यापाशी येऊन हळूच म्हणाली.

“सांभाळलीय,” ऋतुजा म्हणाली. बाळानं डोळे किलकिले केले आणि तिचं बोट घट्ट धरलं.